कार्डावरची सहावी ओळ

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "मेंढ्यांच्या मागे हिंडणारी शहरी मुलगी, म्हणजे गमतीच गमती. चार खुसखुशीत अनुभव लिहा." खुसखुशीत अनुभव माझ्याकडे आहेत. त्यातला एक आधीच सांगून टाकते.

जळोचीच्या एका बागायतदाराने आमच्या संस्थेचा सुधारित मेंढा घेतला होता. सहा महिन्यांनी तपासणीला गेले, तर मेंढा कुठे दिसेना. मालक आत गेला आणि मेंढ्याच्या कानातला बिल्ला आणून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. "पोराच्या लग्नात पावणं जरा जास्तीच आलं, म्याडम. पर बिल्ला जपून ठेवलाय. दुसरा कवा मिळंल?" मी नोंदवहीत 'मयत' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'आकस्मिक' लिहिलं.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. पुढचं लिहिताना मला राग आलेला आहे आणि तो लपवायचा माझा विचार नाही. एरवी मी बरंच काही लपवते.

मी बारामतीची. शाळा इंग्रजी माध्यमाची. वाटाण्याच्या झाडांवरचे आनुवंशिकतेचे प्रयोग मला तोंडपाठ होते. मेंढीच्या कळपाला जी जाळी लावतात तिला वाघर म्हणतात, हे मात्र मला नोकरी लागल्यावर कळलं. खरं तर ते मला घरातच कळायला हवं होतं. माझे आजोबा मेंढपाळ होते. वडील कारखान्याच्या ऑफिसात लागले, बारामतीत घर झालं आणि घरात मेंढरांचा विषय बंद झाला. "आपण आता त्यातले नाही," असं वडील म्हणत. बी.एस्सी. झाल्यावर मी मेंढी सुधारणा करणाऱ्या एका संस्थेत क्षेत्र सहायक म्हणून लागले, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

योजना कागदावर सरळ होती. आपल्या भागातली काळी मेंढी अंगाने लहान. तिला मोठ्या चणीचा सुधारित मेंढा लावला की कोकरं वजनदार होतात. मेंढपाळाला मेंढा फुकट मिळणार. माझं काम इंदापूर तालुक्यातल्या वाड्यांवर मोपेडने जायचं, कोकरं तागडीला लावून वजन लिहायचं आणि प्रत्येक कळपाचं एक कार्ड भरायचं. मेंढपाळ कुटुंब रानात जिथे मुक्कामाला असतं त्या तळाला वाडा म्हणतात. भिंती वगैरे काही नसतात. वाघर, चूल, घोडं, कुत्री आणि माणसं.

कार्डावर सहा ओळी होत्या. नाव, गाव, मेंढ्यांची संख्या, मेंढ्याचा बिल्ला, तारीख. आणि सहावी: 'वरील मेंढा मिळाल्यावर कळपातील सर्व गावठी नर खच्ची करून घेण्यास माझी संमती आहे.' कार्ड वाचून दाखवायचं आणि मग अंगठा घ्यायचा, असा नियम होता.

कळसच्या शिवारात म्हांकूतात्यांचा वाडा उतरला होता. तात्या पासष्टीचे असतील. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला लांबूनच पारखलं. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं आणि "बारामतीहून आलेय" एवढंच म्हटलं. आडनाव मी कुठेच सांगत नसे.

"टोपरं काढा की, बाय," तात्या म्हणाले. मी उन्हासाठी स्कार्फ बांधला होता. तो सोडला. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. केस उगवतात तिथे डाव्या बाजूला मला एक भोवरा आहे. शाळेत त्या भोवऱ्यामुळे भांग कधी सरळ बसला नाही.

"कोंडिबाची नात तू," ते म्हणाले.

मी स्कार्फची घडी घालत बसले.

"गप बसली म्हंजे व्हय. आगं, शंभर कोकरांतनं कुणाची आय कुठली ते आमी वळखतो, तितं तुझा भवरा काय चीज हाय? कोंडिबाला असाच हुता. साळू, चा टाक. आपल्यातली पोर आलीया."

पुढे दोन महिने मी त्या वाड्यावर जात राहिले आणि कॉलेजात तीन वर्षांत जे शिकले नव्हते ते तात्यांच्या बायकोच्या, साळूकाकूंच्या, चहाबरोबर शिकले. ते इथे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागाचं कारण कळणार नाही.

प्रत्येक मेंढरात प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात असं समजा. एक आईकडून, एक बापाकडून. पिल्लाला देताना चिठ्ठीची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. मैत्रिणीची वही उतरवताना आपलं होतं तसंच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. काही चुका उपयोगी पडतात. काही वाईट असतात, पण दुसरी चिठ्ठी धड असेल तर वाईट चिठ्ठी तिच्याआड लपून राहते आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाला कळत नाही. अशा चुकांमधून आणि दर पिढीला चिठ्ठ्या नव्याने पिसल्या जाण्यातून कळपात तऱ्हा तयार होतात.

तात्यांच्या कळपात तऱ्हा होत्या. एक मेंढी चिखलात दोन दिवस उभी राहिली तरी खुरं सडायची नाहीत तिची. एक नुसत्या बाभळीच्या शेंगांवर दूध द्यायची. दिवाळीनंतर हे कळप कोकणात उतरत. तिथल्या ओल्या जमिनीत ज्यांची खुरं टिकत त्याच मेंढ्या परत येत आणि त्यांचीच पिल्लं पुढे वाढत. ही निवड कुठल्या साहेबाने केलेली नव्हती, ती चिखलाने केलेली होती.

काही गोष्टी मात्र निव्वळ नशिबाने होतात. तात्यांच्या कळपात आखूड कानाची बुची मेंढरं फार होती. मी विचारलं, बुच्या कानाचा काही फायदा असतो का? तात्या हसले. "फायदा कसला? एका साली लांडग्यानं वाघर फाडली. उरली ती नेमकी बुची उरली. लांडग्यानं काय कान मोजून खाल्लं व्हय?" पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे. कळप जितका लहान, तितकं त्याचं पुढचं रूप नशिबाच्या हातात असतं. तात्यांना ते एका वाक्यात येत होतं.

आणि त्या नशिबावर त्यांच्याकडे तोडगा होता. आपल्या कळपात जन्मलेला नर आपल्या कळपाला दोन सालांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. सोयऱ्याच्या कळपाशी अदलाबदल करायची. मेंढा विकायचा नाही, विकत घ्यायचा नाही. मेंढ्याच्या बदल्यात मेंढाच. आणि दिलेल्या मेंढ्यात खोट निघाली तर देणाऱ्याची मान सोयऱ्यांत खाली जाते. तात्यांचा नर होता बुच्या. काळाभोर, दोन्ही कान बोटाच्या पेरांएवढे, स्वभावाने खट. वरकुट्याच्या मेव्हण्याकडून, धुळाआबांकडून, तो बदल्यात आला होता, आणि बुच्याचं एक नर कोकरू धुळाआबांच्या कळपात परत गेलं होतं.

आता अंगठ्याचा दिवस.

तात्यांच्या भोवती वाड्यावरचे चार-पाच बाप्ये उकिडवे बसले होते. मी कार्ड वाचायला लागले. पाच ओळी नीट वाचल्या. सहावी समोर होती आणि तिच्यातला तो शब्द मी तोवर आयुष्यात मोठ्याने उच्चारलेला नव्हता. आमच्या घरात असल्या गोष्टींना नाव नसायचं, शाळेत त्या इंग्रजीत असत. बाविशीच्या मुलीने पाच परक्या पुरुषांसमोर, तेही आजोबांना ओळखणाऱ्या पुरुषांसमोर, तो शब्द म्हणायचा! मी म्हणाले, "आणि बाकीच्या अटी नेहमीच्याच आहेत."

"बरं," तात्या म्हणाले आणि त्यांनी अंगठा दिला.

मेंढपाळांना त्या शब्दाची लाज अजिबात नसते. नको असलेले नर ते स्वतःच बडवतात आणि बडवणं हा शब्द साळूकाकूसुद्धा भाकरी थापता थापता सहज वापरत. लाज फक्त माझी होती, इस्त्रीच्या गणवेशात वाढलेली.

पंधरा दिवसांनी संस्थेची जीप आली. नवा मेंढा उतरवला, पांढरा, थोराड. मग दोघेजण मोठा चिमटा घेऊन उतरले आणि त्यांनी बुच्याला धरलं. तात्यांना आधी वाटलं औषध पाजणार आहेत. काय चाललंय ते लक्षात आलं तेव्हा ते ओरडले, "आरं, त्यो नर हाय! त्यो ठेवायचा हाय!" जीपमधल्या माणसाने कार्ड दाखवलं. "अंगठा कुणाचा, आजोबा?"

चिमट्याला किती वेळ लागतो? पाणी प्यायला लागतो तेवढा.

तात्या माझ्याकडे आले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. त्यांनी विचारलं, "पोरी, हे तू वाचलं न्हाईस, का मला ऐकू न्हाय आलं?"

मी कार्डाकडे बघत राहिले.

"तुमचं कानच गेल्यात," साळूकाकू मागून म्हणाल्या. "काल मी दोनदा हाक मारली."

"आसंल," तात्या म्हणाले.

आणि मी ते तसंच राहू दिलं.

पहिली दोन वर्षं योजना जोरात होती. कोकरं खरंच वजनदार झाली. संस्थेच्या साहेबांनी तात्यांना हार घालून फोटो काढला. बुच्याच्या गळ्यात तात्यांनी घुंगरू बांधलं. बडवलेला नर शांत होतो आणि कळपाच्या पुढे चालायला बरा पडतो. दोन वर्षांनी, ठरल्याप्रमाणे, मेंढा बदलायचा होता. संस्थेने बदलला. पांढरा नेला आणि दुसरा पांढरा आणला.

तिसऱ्या वर्षी, पहिल्या पांढऱ्याच्या लेकी दुसऱ्या पांढऱ्यापासून व्यायल्या आणि साळूकाकूंनी मला एक कोकरू दाखवलं. ते आईच्या सडाला तोंड लावत होतं, पण सड तोंडात ठरत नव्हता. मेंढीला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, नुसती कठीण हिरडी असते. खालच्या जबड्याचं टोक त्या हिरडीला बरोबर टेकायला हवं. या कोकराचा खालचा जबडा बोटभर मागे होता. पोपटाची चोच असते तसं तोंड. काकूंनी चमच्याने दूध पाजलं. चौथ्या दिवशी ते गेलं. त्या विणीत अशी पाच निघाली.

"हे आमच्यात कवाच नव्हतं," तात्या म्हणाले. "माझ्या बापाच्या काळात बी नव्हतं."

मी ऑफिसात गेले आणि वाटलेल्या नरांची मूळ नोंदवही उघडली. बापाचा बिल्ला कुठला, त्याचा एक रकाना असतो. बोट लावून खाली आले. सात. सात. सात. पुढचं पान, सात. आम्ही बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत वाटलेले सगळे मेंढे सात नंबरच्या एकाच नराची पोरं होती. मेंढा बदलला होता, रक्त तेच होतं. सात नंबरमध्ये कुठेतरी एक वाईट चिठ्ठी लपलेली असणार. पहिल्या पांढऱ्याने ती निम्म्या लेकींना दिली, दुसऱ्याने त्याच चिठ्ठीची जोडी जुळवली, आणि आड लपायला धड चिठ्ठी उरली नाही. कुठल्याही मेंढपाळाने ही चूक केली नसती. त्यांची सोयरिकीची रीत नेमकी यासाठीच होती, आणि ती रीत आम्ही चिमट्याने बंद पाडली होती.

साहेबांसमोर मी उभी राहिले. बोलताना माझा आवाज बारीक होतो. "सर, सगळे एकाच बापाचे आहेत."

"मग? चांगल्या बापाची पोरं चांगलीच निघणार."

"जबडा आखूड येतोय, सर. हे आनुवंशिक आहे."

"मॅडम, तुम्ही वाटाण्यावर शिकलात. ही मेंढरं आहेत." शेजारच्या टेबलावरचे हसले. "चाराटंचाई आहे. आईला खायला नाही, पिल्लू पोटात वाढलं नाही. कारण लिहा, कुपोषण."

मी लिहिलं. पाच कार्डांवर, माझ्या सुंदर, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात: कुपोषण. ज्या बाईने स्वतःच्या वाटणीचं दूध त्या कोकरांना चमच्याने पाजलं, तिच्या कळपावर मी उपासमारीचा शिक्का मारला. ती कार्डं अजून तिथे आहेत. योजना अजून चालू आहे, दुसऱ्या गावांत. साहेबांचा मला राग येतो, पण तो सोपा राग आहे. आपल्याला माहीत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं.

राजीनामा द्यायला मला आणखी चार महिने लागले. त्याच्या आधीच्या एका रविवारी मी तात्यांना घेऊन एस.टी.ने वरकुट्याला गेले. संस्थेचा चिमट्याचा फेरा झाला तेव्हा धुळाआबांचा वाडा अजून कोकणातून घाट चढून वर आला नव्हता, म्हणून त्यांचे नर वाचले होते. बुच्याचा मुलगा त्यांच्या कळपात ऐन भरात होता. तसेच बोटाच्या पेरांएवढे कान.

धुळाआबा तात्यांहून दहा वर्षांनी लहान आणि चौपट बोलके. "या दाजी! हार घातलेला फोटू बघितला तुमचा. मला वाटलं आमदारकीला हुबं ऱ्हायलाय."

"मस्करी मागनं कर. मला त्यो नर पायजे."

"न्या की. बदल्यात कोण?"

तात्यांनी नराच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुमच्याकडं त्यो पांढरा हत्ती हाय न्हवं? त्यो द्या."

"त्यो मी वैऱ्याला बी द्यायचो न्हाय."

"का?"

"खोट हाय त्याच्यात. पाच कोकरं गेली."

धुळाआबांची मस्करी थांबली. "तरी पर, दाजी, बदल्याबिगर नर कसा देऊ? उद्या चार सोयरं इच्यारतील. रीत हाय."

"रीत हाय म्हणूनच न्हाय म्हणतोय."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्या माणसाला योजनेचं कार्ड वाचता येत नव्हतं, तो खोट असलेला मेंढा सोयऱ्याला द्यायला तयार नव्हता, गरज असताना, समोरचा मागत असताना. आणि आमची सगळी वाचता येणारी माणसं जीपमध्ये घालून तो घरोघर वाटत होती.

मी बोलले. मधेच, न विचारता. "आबा, नर इथंच राहू दे. तात्यांच्या मेंढ्या इकडं आणल्या तर?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. धुळाआबा म्हणाले, "ही कोण?"

"कोंडिबाची नात."

"मग शानी असायचीच. आणा, दाजी. नर लागंस्तवर माझ्या कळपात चरू द्या. मेंढ्या चरायला आणायला रीत आड येत न्हाय."

तात्यांनी पांढरा मेंढा संस्थेला परत केला. त्याबद्दल त्यांना दमदाटीचं एक पत्र आलं, ते साळूकाकूंनी चुलीला लावलं. मेंढ्या वरकुट्याला जाऊन आल्या. कोकरं झाली तेव्हा माझी नोकरी सुटली होती. तात्यांचा निरोप आला तशी मी कळसला गेले, तागडी न घेता.

वाघरीत साठ कोकरं होती. काळी, करडी, काही पांढऱ्या ठिपक्यांची, बरीचशी बुच्या कानांची. मी एकेकाच्या तोंडात बोट घातलं. खालचा जबडा हिरडीला टेकतोय का, एवढंच बघायचं. साठही जबडे टेकत होते. प्रत्येक कोकरू माझं बोट सड समजून चोखत होतं. वाघरीबाहेर बुच्या घुंगरू वाजवत उभा होता.

"गेलं का गं ते?" तात्यांनी विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांचा चेहरा तसा होता. पण पांढऱ्याच्या लेकींपैकी निम्म्यांत ती चिठ्ठी होतीच. त्यांच्या कोकरांपैकीही निम्म्यांत गेली असणार, धुळाआबांच्या नराच्या धड चिठ्ठीआड. कुठल्या निम्म्यांत, हे बोट घालून कळत नाही.

"न्हाय गेलं, तात्या," मी म्हणाले. "लपलंय."

तात्यांनी वाघरीची एक सैल गाठ आवळली. "लपू दे," ते म्हणाले. "लांडगा बी लपूनच ऱ्हातो. आमी वाघर लावतोच की. काय करायचं त्ये लिव्ह."

माझ्याकडे वहीचा कागद होता. मी उकिडवी बसून लिहिलं. बाप्ये जमले होते, तेच चार-पाच. लिहून झाल्यावर मी कागद पुढे केला, तर तात्यांनी हात मागे घेतला.

"वाच. मोठ्यांदा. सगळ्या वळी." मग सावकाश म्हणाले, "तवा बी माझं कान चांगलंच हुतं, पोरी."

म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. इतकी वर्षं त्यांनी मला चहा पाजला होता आणि बायकोकडून बहिरा म्हणवून घेतलं होतं.

मी वाचलं. पांढऱ्या मेंढ्याच्या लेकी कुठल्या, त्यांच्या कानाला खूण करायची. त्यांची कोकरं वेगळी ओळखू यायला हवीत. त्यांच्या लेकींना पांढऱ्याच्या रक्ताचा नर कधी लावायचा नाही. पुढचा नर लांबच्या सोयऱ्याकडून आणायचा. बदल्यात द्यायचा नर जुन्या मेंढ्यांच्या पोटचाच निवडायचा. आणि सहावी ओळ.

"पांढऱ्याच्या लेकींची जेवढी नर कोकरं आहेत," मी म्हणाले, आणि आवाज बारीक झाला तसा पुन्हा वर काढला, "ती सगळी बडवायची. एकही ठेवायचा नाही."

कुणी हसलं नाही. कुणाला त्यात काही वाटलंच नाही.

तात्यांनी अंगठ्यासाठी माझ्याकडे शाई मागितली. "आता आलं ऐकू," ते म्हणाले.